ट्रंकेतला दुसरा कप

१

मॅडमनी ट्रंक उघडली तेव्हा त्या हसत होत्या. झाकण लावलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मॅडमचा इंग्रजीचा वर्ग फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानाच्या माडीवर भरायचा. शाळेत इंग्रजीला घाबरून मागच्या बाकावर दडलेली आणि अर्धं आयुष्य सरल्यावर मुकाट पुढच्या बाकावर येऊन बसलेली चार माणसं, एवढाच काय तो वर्ग. खाली दिवसभर खिळे ठोकायचा आवाज चाले. संध्याकाळी तो थांबला की वर ‘इज’ आणि ‘आर’ची ठोकाठोक सुरू होई.

मॅडमना पुस्तकाचं वावडं होतं. एकवचन-अनेकवचन शिकवायला त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यात साध्यासुध्या वस्तूंच्या जोड्या. टेबलावर एक कप ठेवायचा, त्याच्याबद्दल बोलायचं. शेजारी दुसरा ठेवायचा, पुन्हा बोलायचं. द कप फॉल्स. द कप्स फॉल. “हा ‘स’ म्हणजे पाहुणा आहे,” मॅडम सांगायच्या. “एका वेळी एकाच घरी उतरतो. वस्तू एक असेल तर क्रियापदाकडे, अनेक असतील तर नामाकडे. दोन्हीकडे जेवायला बसवलात तर मार्क गेले.” मग दात, पाय, हंस आणि उंदीर यांनी टीथ, फीट, गीझ, माइस होऊन हा नियम कसा धाब्यावर बसवला आहे ते सांगताना त्या अशा काही चिडायच्या, की उंदरांनी त्यांच्याच घरात धुडगूस घातला असावा.

हे धडे कधीच संपले होते. आता ट्रंक उघडायची ती थेट पुढच्या तुकडीला. पण मॅडमचा भाचा, म्हणजे खालच्या दुकानाचा मालक, खोली रंगवायला काढणार होता, म्हणून सामान हलवण्याआधी एकदा पुसून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी एक कप काढला. दुसऱ्यासाठी आत हात घातला, आणि हात रिकामाच बाहेर आला. मग एक ताटली निघाली. एक चमचा. एक सुरी. एक पेला. घडीची दोन स्टुलं असायची, त्यातलं एकच कोपऱ्यात उभं होतं. प्रत्येक जोडीतलं एक ठेवून एक नेलेलं.

“अरेच्चा!” टॅक्सीवाला म्हणाला. “चोराने सगळ्यांचं एकवचन करून टाकलं की!”

कोणी हसलं नाही. मॅडम ट्रंकेवरच बसल्या.

“हा माझा संसार आहे,” त्या म्हणाल्या. “एक त्यांचं, एक माझं. ते गेल्यावर घरात तो दुसरा कप बघवेना, म्हणून सगळं इथं आणून ठेवलं. म्हटलं, निदान कुणाच्या कामी तरी येईल.”

हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

“किल्ली दाराच्या चौकटीवर असते, हे फक्त तुम्हाला आणि माझ्या भाच्याला माहीत आहे. म्हणजे हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय. कुणी, ते कळल्याशिवाय मी तुमच्यासमोर उभी राहून शिकवू शकत नाही. उरलेल्या दोघांच्या घरच्या परीक्षा घेईन, शब्द दिलाय. त्यानंतर वर्ग बंद.”

२

या वर्गाची शेवटची परीक्षा विद्यार्थ्याच्या घरी व्हायची. “वर्गात सगळेच शहाणे,” असं मॅडमचं म्हणणं. रविवारी त्या घरी येणार, आपण आपल्याच वस्तूंकडे बोट दाखवत इंग्रजीत घर दाखवायचं, मग चहा. त्याची तयारी म्हणून रोज वर्ग सुरू होताना प्रत्येकाने आपल्या घराबद्दल दोन-चार वाक्यं बोलायची. टॅक्सीवाला आणि पार्लरवाली परीक्षा देऊन सुटले होते. या रविवारी पाळी होती लिफ्टकाकांची, आणि पुढच्या रविवारी पंचनामाताईंची.

पंचनामाताई हे नाव टॅक्सीवाल्याने ठेवलेलं. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. जळालेल्या, फोडलेल्या घरांत जाऊन, गेलं म्हणतात ते खरोखर होतं की नव्हतं हे शोधायचं त्यांचं काम. निवृत्तीनंतर लोकांचं काय गेलं हे विचारायला कोणी बोलावीना. घरात त्या टीव्ही बघत नसत, नुसता बोलता ठेवत. इंग्रजी कशाला शिकता असं कोणी विचारलं तर म्हणत, “मेंदूला गंज चढू नये म्हणून.” खरं कारण हे की त्या वर्गात गेल्या आणि बाकावर बसल्या की कोणीतरी विचारायचं, “काल का नाही आलात?”

वर्ग बंद पडला तर हे विचारणारं जगात कोणी उरणार नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच माडी चढल्या.

ट्रंक त्यांनी जळक्या घरातल्या कपाटासारखी तपासली. पितळेचे दोन जड दिवे जागच्या जागी होते. साऱ्या ट्रंकेत किंमत येईल अशी वस्तू तेवढीच. धड्यातले लाकडी हंस आणि उंदीरही सगळे हजर. शिल्लक राहिलेल्या कपाला हात लावताच मात्र ताई थबकल्या. जोडीदार गेल्यामुळे तो ट्रंकेत गडगडला असता. तसं होऊ नये म्हणून कोणीतरी त्याच्याभोवती वर्तमानपत्राचा बोळा नीट खोचून ठेवला होता.

इतक्या मायेने चोरी केलेली ताईंनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

३

भाचा खाली काच कापत होता. “मावशीला खोलीतून काढायचं असतं तर मी ट्रंकच उचलून बाहेर ठेवली असती,” तो मान वर न करता म्हणाला. “एकेक कप चोरायला मला वेळ कुठाय?”

“तुमच्या घरी कप कसे आहेत हो?” ताईंनी विचारलं.

त्याने काच खाली ठेवली. “हे काय मध्येच? आहेत सहा. म्हणजे पाच. एकाचा कान गेलाय, त्यात बायको दाढीचा ब्रश ठेवू देते.”

ताई मान हलवून निघाल्या.

टॅक्सीवाला नाक्यावर गाडी पुसत होता. आपल्यावरच संशय आहे असं समजून त्याने आधीच आवाज चढवला. “ज्याचं तोंड मोठं, त्याच्याच नावाने बोंब! ताई, मला चोरायचंच असतं तर पितळ नेलं नसतं का? कपाला मोडीत कोण विचारतो?”

“बरोबर आहे तुमचं. घरी कप कसे आहेत?”

“सासूने दिलेले. इतके जाड की चहा गार होतो, कप गरम होत नाही. फुटता फुटत नाहीत मेले!”

पार्लरवाली एका बाईच्या भुवया कोरत होती. तिचं आणि मॅडमचं मागच्याच आठवड्यात वाजलं होतं. ‘पीपल’नंतर ‘इज’ लावल्याबद्दल मॅडमनी तिला चारदा उभं केलं, आणि ती पाय आपटत घरी गेली होती.

“राग होता, आहे, आणि उद्याही असेल,” ती दोरा दातात धरून म्हणाली. “पण राग आला की मी फोडते, ताई. नेऊन ठेवत नाही. घरी येऊन बघा. एका खुर्चीचा पाय आखूड आहे, तिच्याखाली पुठ्ठा लावलाय. ती मीच आपटलेली.”

“आणि कप?”

“कप दोघांचे दोन. नवऱ्याच्या कपाला तडा गेलाय, पण टाकू म्हटलं तर तोंड फुगवून बसतो.”

राहिले लिफ्टकाका. शहरातल्या एका उंच इमारतीत ते दिवसभर लिफ्ट चालवायचे. मितभाषी माणूस, वर्गातला सगळ्यात मन लावून शिकणारा. घराबद्दल बोलताना त्यांच्यासारखी वाक्यं कोणाची होत नसत. माय चेअर्स आर ब्राउन. माय कप्स आर व्हाइट. एक चूक सापडायची नाही.

ताई लिफ्टमध्ये शिरल्या. “काका, जरा बोलायचंय.”

“बोला की ताई. थांबता मात्र येणार नाही.” त्यांनी दार ओढलं. लिफ्ट चढू लागली.

“तुमच्या घरी कप कसे आहेत?”

“पांढरे. निळ्या काठाचे.” एक बाई पिशव्या घेऊन आत आली, काकांनी तिच्या हातातली एक पिशवी घेतली, ती उतरताना परत दिली. ती काही न बोलता गेली. “टेबलावर पिवळं कापड आहे. खुर्च्या तपकिरी, पाठीला जाळी असलेल्या.”

“किती कप?”

“एकाहून जास्त,” काका म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले. “मॅडमना तेवढंच तर लागतं.”

लिफ्ट वरच्या एका मजल्यावर थांबली. काकांनी सवयीने दार उघडलं. समोरच्या घराचं दार सताड उघडं होतं. ताईंची नजर सरळ आत गेली आणि तिथंच खिळली.

“ताई, खाली यायचं ना?”

“नको,” ताई म्हणाल्या. “मी जिन्याने उतरते.”

४

शनिवारी संध्याकाळी ताई मॅडमच्या घरी गेल्या. मॅडम अंधारात बसल्या होत्या. दिवा लावायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“लोभी माणूस नाही, त्याने पितळ नेलं असतं. तुमच्यावर दात धरणारा नाही, त्याने कप फोडला असता. त्याने जे नेलं त्या सगळ्यातून एका माणसाचं ताट मांडता येतं. बसायला स्टूल, खायला ताटली, प्यायला पेला. ज्याच्या घरी एका माणसापुरतंच आहे आणि दुसऱ्याचं कमी आहे, त्याने ते नेलं.”

“पण कोण?”

“उद्या सांगते. तोवर एक वचन द्या. उद्याच्या घरी काहीही दिसलं, तरी परीक्षा पुरी घ्यायची.”

मॅडमनी उठून दिवा लावला. “उद्या लिफ्टकाकांकडे जायचंय,” त्या हळूच म्हणाल्या.

५

इमारतीमागच्या गल्लीत काकांची एक खोली होती. दार उघडताना त्यांनी मॅडमबरोबर ताईंना पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला, पण ते बाजूला सरले. “वेलकम टू माय होम,” ते म्हणाले.

खोली लख्ख होती. खुंटीवर एक सदरा, कोनाड्यात एक कंगवा. टेबलाशी एक खुर्ची, आणि तिच्यासमोर घडीचं स्टूल. टेबलावर दोन ताटल्या, दोन पेले, दोन कप. एकही जोडी एकसारखी नव्हती.

काकांनी हात मागे बांधले. “देअर आर टू कप्स ऑन द टेबल. देअर आर टू प्लेट्स. द स्पून्स आर क्लीन...”

मॅडमनी पांढरा कप उचलला. अंगठा आपोआप दांडीखाली गेला. तिथं बारीकसा टवका होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नळाला आपटून उडालेला.

काकांचं वाक्य मध्येच तुटलं. “तुम्हाला कळेल असं वाटलं नव्हतं,” ते मराठीत म्हणाले. “असे कप दुकानात ढिगाने असतात.”

“असतात,” ताई म्हणाल्या. “काका, मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकले. ज्याची वस्तू असते तो तिचं दुखणं सांगतो. कान तुटलाय, तडा गेलाय, पाय आखूड आहे. ज्याच्याकडे वस्तू नसते तो तिचा रंग सांगतो. तुमच्या घराचे तुम्ही रोज रंगच सांगितलेत. त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि समोरच्या घरात मला पिवळं कापड, निळ्या काठाचे कप आणि जाळीच्या खुर्च्या दिसल्या. तुम्ही दार उघडल्यावर जेवढं दिसतं तेवढंच तुमचं घर होतं.”

काका खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

“पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, घरातली अनेकवचनं सांगा,” ते म्हणाले. “मी घरी येऊन शोधली. खोलीभर फिरलो. सगळं एकेकच. वर्गात सांगायची लाज वाटली, म्हणून पाहिलेलं सांगितलं. मग ते रोजच सांगावं लागलं. आणि आता तुम्ही घरी येणार.”

“विकत आणायचंत!” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो त्यांना नीट धरता येत नव्हता.

“गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, घरात माणसं किती? मला काही सुचेना. तसाच परत आलो.” त्यांनी पदराशी खेळणाऱ्या मुलीसारखी सदऱ्याची कड बोटांत धरली. “खरं सांगू? आणलं असतं तर ते दुसरं कायमचं घरात राहिलं असतं. रोज समोर. तुमचं परत ठेवता येणार होतं. पुढची तुकडी येईपर्यंत ट्रंक उघडत नाही, म्हणून धीर केला. ती ट्रंक तुमचा संसार आहे हे मला ठाऊक असतं, तर मी तिला हातसुद्धा लावला नसता. त्या संध्याकाळी तुम्ही बोललात आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.”

मॅडमनी हातातला कप फिरवून पाहिला. तो धुतलेला होता, पुसलेला होता. कोणासाठी तरी मांडलेला होता. ट्रंकेतून इतकी वर्षं तो फक्त वाक्यापुरता टेबलावर आला होता.

त्या स्टुलावर बसल्या.

“परीक्षा संपलेली नाही,” त्या म्हणाल्या. “हा कप माझा आहे, त्याला मार्क मिळणार नाहीत. तुमच्या कपाबद्दल सांगा. रंग नको.”

काकांनी आपला तपकिरी कप हातात घेतला. पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधावे लागले.

“माय कप...” ते अडखळले. “माय कप लीक्स.”

“का?”

“इट इज ओल्ड. आय ड्रिंक फास्ट.”

मॅडमना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. त्यांनी दोन्ही लपवलं नाही. “पास,” त्या म्हणाल्या. “आता चहा ओता.”

कप दोन आणि माणसं तीन. ताईंनी पेल्यातून चहा घेतला आणि बोटं भाजून घेतली. तपकिरी कप खरोखरच गळत होता. काकांनी खाली बशी धरली होती आणि ते घाईघाईने पीत होते. निघताना ते मॅडमची ताटली, चमचा, सुरी, पेला कागदात गुंडाळू लागले. त्यांनी कप उचलला तेव्हा मॅडमनी त्यांचा हात अडवला.

“बाकीचं वर्गात आणा, आणि ‘चोरी मी केली’ हे सगळ्यांसमोर तुम्हीच सांगायचं, मी सांगणार नाही. पण कप इथं राहू दे. मी चहाला आले की कशात पिणार?”

काकांनी कप परत टेबलावर ठेवला, आपल्या कपाच्या शेजारी.

गल्लीतून चालताना मॅडम ताईंना म्हणाल्या, “म्हणजे वर्ग चालू. पुढच्या रविवारी तुमच्याकडे.”

“हो.”

“तुमच्या बहिणी असतीलच ना? माय सिस्टर्स कम एव्हरी संडे, दे सिंग, दे लाफ. रोज सांगता वर्गात.”

ताईंची पावलं मंदावली.

“खऱ्या बहिणी असत्या,” मॅडम समोर बघत म्हणाल्या, “तर एव्हाना तुम्ही एकदा तरी त्यांच्याबद्दल कुरकुर केली असतीत.”

आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी घरं ओळखणाऱ्या बाईला आपलं घर झाकता आलं नव्हतं. ताईंनी नुसती मान हलवली. मॅडमनी त्यांचा दंड धरला, आणि कोपऱ्यापर्यंत दोघी तशाच चालल्या.

मॅडम वळून गेल्यावर ताई एकट्याच बाजारात शिरल्या. भांड्यांच्या दुकानात कपांची उतरंड लागली होती. दुकानदाराने कागदाचा ताव ओढत, सवयीने विचारलं, “घरात माणसं किती?”

ताईंनी मनात मोजलं. मॅडम, आपण, आणि बोलावलं तर काका.

“रविवारी,” त्या म्हणाल्या, “तीन.”